आरोप एकावर, झळ दोघांना: नकारात्मक प्रचार उमेदवाराच्या विश्वासार्हतेचं काय करतो

ऑक्टोबर 2013 मधली गोष्ट. सिंचन प्रकल्पांची चौकशी करणाऱ्या डॉ. माधवराव चितळे यांच्या समितीला पुरावे द्यायला भाजपचे विनोद तावडे आणि देवेंद्र फडणवीस औरंगाबादला आले. कागद होते सुमारे 14 हजार पानांचे, आणि ते आणले होते बैलगाडीतून. एवढे कागद जीपमध्ये सहज मावले असते. बैलगाडी निवडली ती फोटोसाठी. धरणावर कोट्यवधी रुपये खर्च झाले आणि आपल्या शिवारात पाटाचं पाणी काही आलं नाही, हे ज्यानं सोसलं होतं त्याला तो फोटो बातमी न वाचताही कळत होता. पैसे देऊन छापून आणलेली नसली, तरी ती राजकीय जाहिरातच होती आणि फार नेमकी होती. पुढच्या वर्षी ‘कुठे नेऊन ठेवलाय महाराष्ट्र माझा?’ ही जाहिरात टीव्हीपासून फ्लेक्सपर्यंत सगळीकडे दिसली आणि राज्यातलं सरकार बदललं.

23 नोव्हेंबर 2019 च्या सकाळी, ज्यांच्यावर त्या आरोपांचा रोख होता ते अजित पवार त्याच फडणवीसांसोबत उपमुख्यमंत्री म्हणून शपथ घेताना दिसले. ते सरकार चार दिवसही टिकलं नाही. 2019 च्या अखेरीसच लाचलुचपत प्रतिबंधक विभागानं उच्च न्यायालयात शपथपत्र देऊन सिंचन प्रकरणात अजित पवारांचा दोष दिसत नाही असं सांगितलं. 2 जुलै 2023 ला दोघं पुन्हा एका मंत्रिमंडळात आले.

ज्या शेतकऱ्यानं बैलगाडीचा फोटो पाहून मत दिलं होतं, त्यानं यातून काय समजायचं? आरोप खरे होते तर दोघं एकत्र कसे आले? आणि खरे नव्हते तर एवढ्या जोरानं केले कशाला? दोन्हींपैकी कुठलंही उत्तर धरलं तरी आरोप ज्याच्यावर झाले त्याच्याबरोबर आरोप करणाऱ्यावरचाही विश्वास खाली येतो. नकारात्मक प्रचाराचा हा दुहेरी परिणाम आपल्याकडे फारसा कुणी समजावून सांगत नाही. ‘चिखलफेक’ म्हणून विषय संपवला जातो. जगभर त्यावर सत्तरेक वर्षं अभ्यास झालाय आणि त्यातलं बरंचसं आपल्या झेडपीच्या निवडणुकीलाही लागू पडतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. विरोधी उमेदवाराबद्दल वाईट सांगणं हे मुळात गैर आहे असं मी मानत नाही. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. ही वेळ कुणाच्या काळात, कुणाच्या दुर्लक्षानं आली, हे विचारणारी जाहिरात नकारात्मकच असेल, पण ती हवी. मागास भागाचा अनुशेष भरून निघावा म्हणून असलेल्या मराठवाडा वैधानिक विकास मंडळाची मुदत 30 एप्रिल 2020 ला संपली आणि मंडळ तसंच राहिलं. त्याचा जाब विचारायचा तर कुणाचं तरी नाव घ्यावंच लागेल. निवडणूक आयोगाची आदर्श आचारसंहिताही हेच सांगते. पक्षाची धोरणं, कार्यक्रम, आजवरची कामगिरी यांवर टीका करायला मोकळीक आहे. ज्याचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही अशा खासगी आयुष्यावर टीका नको, आणि खातरजमा न केलेले आरोप नकोत. मतदाराला सत्ताधाऱ्याची उणी बाजू विरोधकाकडूनच कळते. सत्ताधारी स्वतःच्या फ्लेक्सवर अर्धवट राहिलेल्या पुलाचा फोटो लावत नाही.

म्हणून ‘नकारात्मक प्रचार चालतो का’ असं विचारण्यापेक्षा तो विश्वासार्हतेच्या कोणत्या भागावर पडतो हे पाहिलं तर जास्त उलगडतं. उमेदवारावर विश्वास ठेवताना आपण नकळत तीन गोष्टी जोखतो. याला काम जमतं का? हा शब्दाला आणि पैशाला स्वच्छ आहे का? आणि अडल्या वेळी हा आपल्या बाजूनं उभा राहील का? क्षमता, सचोटी आणि आपलेपणा.

क्षमतेवरचा हल्ला भरून निघू शकतो. ‘पाच वर्षांत काय केलं?’ या प्रश्नाला रस्ता दाखवता येतो, शाळेची खोली दाखवता येते, पीक विम्याची मिळवून दिलेली रक्कम दाखवता येते. एखादं ठसठशीत काम चार अपयशं झाकतं, कारण जमत नसताना कुणी मोठं काम करून दाखवू शकत नाही हे सगळ्यांना कळतं.

सचोटीचं गणित उलटं आहे. तिथं शंभर चांगल्या गोष्टींपेक्षा एक वाईट गोष्ट जड भरते, कारण लबाड माणूसही बहुतेक वेळा सरळच वागतो हे आपल्याला ठाऊक असतं. विहिरीत एकदा मेलेलं जनावर निघालं की पाणी उपसून, पावडर टाकून, तपासून घेतलं तरी गाव वर्षभर त्या विहिरीवर घागर भरत नाही, तसं हे आहे. त्यामुळे प्रचाराची रणनीती आखणारे शक्यतो सचोटीवर नेम धरतात. कमी खर्चात जास्त नुकसान होतं आणि आरोपी उमेदवाराला ‘मी खाल्लं नाही’ हे सिद्ध करता येत नाही. न घडलेल्या गोष्टीची पावती नसते.

आपलेपणावरचा हल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. त्यात काही घडल्याचा दावाच नसतो. ‘तो आपला नाही’, ‘तो त्यांच्यासाठीच काम करतो’ एवढंच असतं. सप्टेंबर 2023 मध्ये जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला. त्यानंतरच्या काळात मराठा आणि ओबीसी समाजांत जो ताण आला, त्यात 2024 च्या लोकसभा निवडणुकीला मराठवाड्यात अशा मजकुरानं मोबाईल भरून गेले होते. याला ना आकड्यानं उत्तर देता येतं ना कागदानं. आणि निवडणूक संपल्यावर उमेदवार मुंबईला किंवा दिल्लीला जातो. एका पारावर बसणारी, एकमेकांच्या लग्नात वाढपी होणारी माणसं मात्र गावातच राहतात आणि तो मजकूर त्यांच्यामध्ये उभा राहतो.

आता दुसऱ्या बाजूकडे, म्हणजे आरोप करणाऱ्याचं काय होतं याकडे येतो.

अमेरिकेतल्या राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी 2007 मध्ये या विषयावरची 111 संशोधनं एकत्र तपासली. रिचर्ड लाउ हे त्यातलं प्रमुख नाव. निष्कर्ष असा निघाला की नकारात्मक जाहिराती लक्षात जास्त राहतात आणि ज्याच्यावर हल्ला होतो त्याच्याबद्दलचं मत थोडं घसरतंही. पण हल्ला करणाऱ्याबद्दलचं मतही घसरतं. मतांच्या हिशेबात हल्ल्याचा भरवशाचा निव्वळ फायदा दिसत नाही. मतदानाचा टक्का त्यानं घटतो असंही आढळलं नाही. घटतो तो सरकारवरचा विश्वास आणि ‘आपल्या मतानं काही फरक पडतो’ ही भावना. अमेरिकेतले आकडे मराठवाड्याला जसेच्या तसे लागू होणार नाहीत हे खरं. तरी ‘सगळे सारखेच’ हे वाक्य कोणत्याही मोंढ्यात, एसटी स्टँडवरच्या कोणत्याही हॉटेलात ऐकू येतं आणि ते याच वाटेनं आलेलं असतं.

हल्ला उलटण्याचं जगभर सांगितलं जाणारं उदाहरण कॅनडातलं आहे. 1993 च्या निवडणुकीत सत्ताधारी प्रोग्रेसिव्ह कन्झर्व्हेटिव्ह पक्षानं विरोधी नेते झाँ क्रेतियाँ यांच्या चेहऱ्याचे अगदी जवळून घेतलेले फोटो जाहिरातीत वापरले. क्रेतियाँ यांच्या चेहऱ्याचा एक भाग लहानपणापासून अर्धांगानं वाकडा होता. लोक संतापले आणि जाहिरात मागे घ्यावी लागली. तो पक्ष अवघ्या 2 जागांवर आला. त्या पराभवाची इतरही मोठी कारणं होती. पण माणसाच्या हातात नसलेल्या गोष्टीवर बोट ठेवलं की लोक ज्याच्यावर हल्ला झाला त्याच्या बाजूला सरकतात, हे तिथं उघड दिसलं. आपल्याकडे उमेदवाराच्या बायको-मुलांवर, घरातल्या आजारपणावर, विधवेच्या एकटेपणावर बोलणारा वक्ता सभेत टाळ्या घेतो. घरी गेल्यावर बायका त्याच्याबद्दल काय बोलतात हे त्याला कुणी सांगत नाही.

तिरंगी, चौरंगी लढतीत तर हल्ल्याचा फायदा तिसऱ्यालाच जाऊ शकतो. इटलीत महापौरपदाच्या निवडणुकीत असा प्रयोग झाला. दोन उमेदवारांतल्या हल्ल्यानंतर ज्यानं हल्ला केला नाही आणि ज्याच्यावर झालाही नाही, त्या तिसऱ्या उमेदवाराला लाभ झाला. मराठवाड्यात दुरंगी लढत ही अपवादानंच होते. 2019 च्या लोकसभेला औरंगाबादेत चंद्रकांत खैरे, इम्तियाज जलील, हर्षवर्धन जाधव आणि सुभाष झांबड असे चौघं प्रमुख उमेदवार होते. निकाल 4,492 मतांच्या फरकानं जलील यांच्या बाजूनं लागला आणि अपक्ष जाधवांनी पावणेतीन लाखांहून जास्त मतं घेतली. तिथं नकारात्मक प्रचारानंच असं झालं, असं म्हणण्याइतका पुरावा माझ्याकडे नाही आणि ती निवडणूक अनेक कारणांनी गुंतागुंतीची होती. पण एका उमेदवारावर रागावलेला मतदार रागावायला लावणाऱ्याकडेच जाईल हे गृहीत धरता येत नाही, हे अशा निकालांवरून ध्यानात येतं.

मग खोटा, कुणी केला हे माहीत नसलेला आरोप का टिकतो? येल विद्यापीठात कार्ल होव्हलँड आणि वॉल्टर वाइस यांनी 1951 मध्ये एक साधा प्रयोग छापला. विद्यार्थ्यांना काही लेख वाचायला दिले. तोच लेख काहींना विश्वासू माणसाच्या नावानं दिला, काहींना अविश्वसनीय नावानं. वाचल्या वाचल्या विश्वासू नावाचा परिणाम अर्थातच जास्त होता. चार आठवड्यांनी पुन्हा विचारलं तेव्हा फरक जवळपास पुसला गेला होता. मजकूर डोक्यात राहिला आणि कुणी सांगितलं ते विसरलं गेलं. पुढच्या अभ्यासांत असं दिसलं की हे प्रत्येक वेळी घडत नाही, त्याला काही अटी लागतात. 1977 मध्ये आणखी एक गोष्ट प्रयोगानं दाखवली गेली. तेच विधान पुन्हा पुन्हा कानावर पडलं की ते खरं वाटू लागतं, मग ते खोटं का असेना.

या दोन गोष्टी आपल्या गावात कशा काम करतात ते पाहा. निनावी पत्रक पहाटे दारात पडतं. वाचणारा म्हणतो, ‘हे विरोधकाचंच काम.’ म्हणजे त्या दिवशी तो फसलेला नसतो. तेच वाक्य चार ग्रुपवर येतं, भाच्याच्या स्टेटसला दिसतं, कटिंगच्या दुकानात निघतं. महिन्याभरानं त्याच माणसाच्या तोंडून निघतं, ‘त्याच्याबद्दल काहीतरी भानगड होती म्हणं.’ कुठं ऐकलं ते आठवत नाही, पण भानगड आठवते.

बातमीही हेच काम करते. 1964 मध्ये अमेरिकेत लिंडन जॉन्सन यांच्या प्रचारासाठी अणुयुद्धाची भीती दाखवणारी, फुलाच्या पाकळ्या मोजणाऱ्या लहान मुलीची जाहिरात झाली. ती पैसे देऊन एकदाच दाखवली होती आणि तीत विरोधी बॅरी गोल्डवॉटर यांचं नावही नव्हतं. वाद झाला, बातम्यांत ती पुन्हा पुन्हा दाखवली गेली आणि लोकांनी नाव आपापल्या मनात भरलं. आज पाठवणाऱ्याला वृत्तवाहिनीचीही गरज उरलेली नाही. ‘बघा किती खालच्या थराला गेलेत’ असं लिहून पुढं ढकलणारा प्रत्येक जण तीच जाहिरात फुकटात पोचवतो.

परळीचं 2019 मधलं उदाहरण या सगळ्याला एकत्र आणतं. विधानसभेच्या मतदानाच्या तोंडावर धनंजय मुंडे यांनी त्यांची चुलत बहीण आणि विरोधी उमेदवार पंकजा मुंडे यांच्याबद्दल आक्षेपार्ह बोलल्याची म्हणून एक क्लिप पसरली. त्यांच्यावर गुन्हा दाखल झाला. धनंजय मुंडे यांनी क्लिप काटछाट करून बनवल्याचं सांगितलं आणि तिची तपासणी करा अशी मागणी केली. मतदाराला त्या एक-दोन दिवसांत क्लिप खरी की बनावट हे ठरवायचा कुठलाच मार्ग नव्हता. धनंजय मुंडे 30 हजारांहून जास्त मतांनी निवडून आले. पाच वर्षांनी, 2024 च्या लोकसभेला, तेच पंकजा मुंडे यांच्या प्रचारात होते. ती लढत बजरंग सोनवणे यांनी 6,553 मतांनी जिंकली. भाऊ-बहीण एकत्र आले याचा आनंद मानणारे बीड जिल्ह्यात पुष्कळ आहेत. पण 2019 मध्ये ज्या कार्यकर्त्यांनी या किंवा त्या बाजूनं एकमेकांची डोकी फोडायची तयारी ठेवली होती, त्यांनी पुढच्या वेळी नेत्याच्या आरोपावर कितपत विश्वास ठेवायचा?

हा आजार एका पक्षाचा नाही. ‘चौकीदार’वरून केलेल्या घोषणेत सर्वोच्च न्यायालयाचं नाव गोवल्याबद्दल राहुल गांधींना मे 2019 मध्ये न्यायालयात बिनशर्त माफी मागावी लागली. 2023 च्या कर्नाटक निवडणुकीत काँग्रेसनं सरकारच्या भ्रष्टाचाराचं ‘दरपत्रक’ वर्तमानपत्रांत छापलं. त्यावर निवडणूक आयोगानं नोटीस काढून पुरावे मागितले आणि भाजपनं बदनामीचा खटला भरला. मे 2024 मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयानं तृणमूल काँग्रेसविरुद्धच्या भाजपच्या काही जाहिराती थांबवल्या, आणि सर्वोच्च न्यायालयानं त्यात हात घालायला नकार दिला. कर्नाटकात आरोप करणारा पक्ष जिंकला, हेही सांगायला हवं. तिथं कमिशनची तक्रार ठेकेदारांच्या संघटनेनं आधीच केली होती, म्हणजे जाहिरातीनं लोकांच्या कानावर आलेलंच बोलून दाखवलं. आरोपाला आधीपासून जमीन असेल तर तो रुजतो आणि आरोप करणाऱ्याचं फारसं काही जात नाही.

ज्याच्यावर हल्ला झाला त्यानं काय करावं? गप्प बसणं बहुधा महागात पडतं, कारण गप्प बसण्याचा अर्थ लोक आपापल्या परीनं काढतात. पण ‘मी चोर नाही, मी चोर नाही’ असं भोंग्यावरून ओरडत फिरणं त्याहून वाईट. ‘चोर’ शब्द स्वतःच्याच खर्चानं घरोघरी पोचतो. अभ्यास असं सांगतो की नुसत्या नकारानं मनातली जागा रिकामी होते आणि जुना आरोप पुन्हा तिथं येऊन बसतो. त्या जागी दुसरी खरी गोष्ट ठेवावी लागते. सोसायटीच्या कर्जाचा आरोप असेल तर कर्ज कधी घेतलं, कशासाठी, किती फेडलं, बेबाकी कधी मिळाली, एवढं एका कागदावर त्याच दिवशी लोकांपुढे ठेवलं तर आरोपाची धार बोथट होते. काही चुकलं असेल तर ते मान्य करणारा उमेदवार सचोटीत टिकतो, असं मला वाटतं. आपल्याकडे ही वाट फार कमी जण धरतात.

कायद्यात काय आहे ते थोडक्यात सांगतो, कारण कार्यकर्त्यांनाही ते नीट माहीत नसतं. लोकप्रतिनिधित्व कायदा 1951 च्या कलम 127 क नुसार प्रचाराच्या कोणत्याही पत्रकावर, पोस्टरवर मुद्रक आणि प्रकाशक यांचं नाव-पत्ता हवाच. नसेल तर 6 महिन्यांपर्यंत कैद, 2 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे निनावी पत्रक खरं की खोटं हे ठरण्याआधीच ते बेकायदा असतं. टीव्ही, केबल आणि समाजमाध्यमांवरच्या राजकीय जाहिराती जिल्ह्याच्या माध्यम प्रमाणन समितीकडून आधी तपासून घ्याव्या लागतात. मतदानाच्या दिवशी आणि आदल्या दिवशी वर्तमानपत्रात येणाऱ्या जाहिरातींनाही ही अट आहे. आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपवर फोटो किंवा व्हिडिओसह तक्रार केली तर 100 मिनिटांत कारवाई व्हावी अशी योजना आहे. बनावट व्हिडिओ किंवा मजकूर लक्षात आणून दिल्यावर पक्षांनी 3 तासांत काढून टाकावा, असा आदेश आयोगानं मे 2024 मध्ये दिला. फेसबुक-इन्स्टाग्रामवर पैसे देऊन चालवलेली राजकीय जाहिरात कुणी दिली आणि साधारण किती खर्च केला हे मेटाच्या जाहिरात संग्रहात कुणालाही बघता येतं.

सगळ्यात कडक तरतूद कलम 123 (4) ची आहे. उमेदवाराच्या व्यक्तिगत चारित्र्याबद्दल, खोटं आहे हे माहीत असताना किंवा खरं असल्याचा विश्वास नसताना, त्याला मतांत फटका बसावा म्हणून केलेलं विधान हा भ्रष्ट आचार ठरतो. त्यावरून निवडणूक रद्द होऊ शकते आणि 6 वर्षांपर्यंत अपात्रताही येऊ शकते. अडचण वेळेची आहे. निकालानंतर 45 दिवसांत उच्च न्यायालयात, म्हणजे आपल्याकडे औरंगाबाद खंडपीठात, याचिका करावी लागते, आणि साक्षीपुरावे होईपर्यंत आमदारकीची बरीचशी मुदत निघून जाते. पत्रक वाटायला एक रात्र पुरते.

या तुलनेत एक नकारात्मक जाहिरात अशी आहे जी उमेदवाराला स्वतःच्याच पैशानं, स्वतःविरुद्ध द्यावी लागते आणि तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर 2018 च्या निकालानंतर, ज्याच्यावर फौजदारी खटले प्रलंबित आहेत त्या उमेदवारानं ते प्रचाराच्या काळात वर्तमानपत्रात आणि टीव्हीवर तीन वेळा जाहीर करायचे असतात. फेब्रुवारी 2020 पासून पक्षालाही अशा माणसाला तिकीट का दिलं याची कारणं द्यावी लागतात, आणि ‘निवडून येण्याची क्षमता’ हे कारण चालत नाही. ही चौकट बहुतेकदा आतल्या पानावर, बारीक अक्षरात, निविदांच्या सूचनांशेजारी येते. तिच्यात कोर्टाचं नाव, खटल्याचा क्रमांक, कलमं आणि खटला कुठवर आला हे लिहिलेलं असतं. उमेदवारी अर्जासोबतच्या नमुना 26 च्या शपथपत्रातही तीच माहिती, शिवाय जमीन, कर्ज आणि थकबाकी असते. ते शपथपत्र आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही उघडता येतं.